इराणवरचा बहिष्कार आणि वाशिमचे सोयाबीन

वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव पडला की त्याची कारणे सांगणारे पुष्कळ लोक भेटतात. कोणी मालातील ओलावा सांगतो, कोणी व्यापाऱ्यांची साखळी सांगतो, तर कोणी पामतेलाच्या आयातीकडे बोट दाखवतो. यापैकी एकही कारण खोटे नाही. परंतु या यादीत एका देशाचे नाव कधीच येत नाही. तो देश म्हणजे इराण. इराण आणि पाश्चात्त्य राष्ट्रे यांचे भांडण हा दिल्लीतील तज्ज्ञांचा आणि दूरदर्शनवरील चर्चेचा विषय आहे, आपला नव्हे, असे आपल्या चळवळीतील बहुसंख्य कार्यकर्त्यांना वाटते. हा समज दूर केला पाहिजे. युद्धाच्या ताज्या बातम्या रोज येतच असतात. त्या बातम्यांच्या मागे गेली पंचाहत्तर वर्षे जो हिशेब चालू आहे, आणि ज्याची थोडीशी वसुली आपल्या जिल्ह्यातूनही झाली आहे, तो येथे मांडावयाचा आहे.

सोयाबीन हे नावाला तेलबी आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळले तर तेल निघते साधारण अठरा किलो आणि पेंड निघते ऐंशी किलोच्या आसपास. या पेंडीला व्यापारी 'डीओसी' म्हणतात. ती प्रामुख्याने कोंबड्यांचे खाद्य म्हणून विकली जाते. म्हणून कारखानदार सोयाबीनला काय भाव देणार हे तेलाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पेंडीच्या मागणीवर ठरते. देशात खपून उरलेली पेंड परदेशी जाते. २०१२ नंतरच्या काळात भारताच्या सोयापेंडीच्या मोठ्या गिऱ्हाइकांमध्ये इराणचे नाव अग्रभागी होते. हे गिऱ्हाईक आपल्या दारी आले कसे आणि गेले कसे, हे समजून घेतल्याशिवाय परराष्ट्र धोरण म्हणजे काय हे कळणार नाही.

गिऱ्हाईक आले कसे, गेले कसे

इराणकडे तेल आहे आणि भारताला तेल हवे आहे. पूर्वी या तेलाचे पैसे आशियाई क्लिअरिंग युनियन या व्यवस्थेमार्फत चुकते होत. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने ही वाट बंद केली. त्यामागे अमेरिकेचा दबाव होता हे उघड गुपित आहे. पुढे ३१ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेत एक कायदा मंजूर झाला. इराणच्या मध्यवर्ती बँकेशी तेलाचा व्यवहार करणाऱ्या कोणत्याही परदेशी बँकेला अमेरिकेच्या बँकव्यवहारातून बाहेर काढण्याची तरतूद त्यात होती. जगाचा बहुतेक व्यापार डॉलरमध्ये चालतो आणि डॉलरचा व्यवहार न्यूयॉर्कमधून फिरतो. तेथे दार बंद झाले तर बँक जगात कोठेही उभी राहू शकत नाही.

यावर भारताने २०१२ मध्ये तोड काढली. तेलाच्या बिलाचा काही हिस्सा, सुरुवातीला ४५ टक्के, कोलकात्याच्या युको बँकेतील खात्यात रुपयांत जमा करावयाचा असे ठरले. इराणला ते रुपये इतरत्र वापरता येत नव्हते. ते भारतातच खर्च करणे भाग होते. म्हणून इराणने त्या रुपयांतून पंजाब-हरयाणाचा बासमती घेतला, आसामचा चहा घेतला, औषधे घेतली आणि सोयापेंड घेतली. अमेरिकेच्या धाकातून निघालेल्या या पळवाटेने भारतीय शेतमालाला एक बांधलेले गिऱ्हाईक मिळवून दिले.

ही वाटही टिकली नाही. ८ मे २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इराणबरोबरच्या अणुकरारातून अमेरिकेला बाहेर काढले. त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सांगितले की, भारत केवळ संयुक्त राष्ट्रसंघाचे निर्बंध मानतो, एखाद्या देशाने आपल्या मर्जीने लावलेले निर्बंध मानत नाही. भूमिका योग्य होती. परंतु ती वर्षभरही टिकली नाही. अमेरिकेने भारतासह आठ देशांना सहा महिन्यांची सवलत दिली, ती २ मे २०१९ रोजी संपली आणि भारताने इराणचे तेल घेणे बंद केले. २०१८-१९ मध्ये ज्या देशाकडून आपण सुमारे २ कोटी ४० लाख टन तेल घेतले, त्याच्याकडून पुढे तेल घेणे थांबले. त्यावेळी देशात लोकसभेच्या निवडणुका चालू होत्या. संसदेत चर्चा नाही, प्रचारसभेत उल्लेख नाही. खात्यात शिल्लक रुपये होते तोपर्यंत पेंड, तांदूळ, चहा काही काळ जात राहिला. शिल्लक आटली तसा व्यापारही आटला.

येथे अतिशयोक्ती करून चालणार नाही. सोयाबीनचा भाव एकट्या इराणमुळे पडला असे म्हणणे म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक होईल. २०२१ मध्ये भाव चढले तेव्हा केंद्र सरकारने ऑगस्ट महिन्यात १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या पेंडीची आयात खुली केली आणि भाव खाली आणले. तो निर्णय दिल्लीचा होता. ब्राझील, अर्जेंटिनाची स्वस्त पेंड, पामतेलाची आयात ही कारणे तर आहेतच. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना काढणीच्या दिवसांत खुल्या बाजारातील भाव त्याच्या खाली राहिला. अशा वेळी एक मोठे गिऱ्हाईक हातचे जाणे याचा अर्थ काय होतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आणि शेतकरी म्हणजे केवळ वीस एकरांचा मालक नव्हे. गायरान कसणारा आपला माणूस सोयाबीन पेरतो. हंगामात एकरी गुत्ते घेऊन सोंगणी करणाऱ्या बायाबापड्यांची मजुरी त्याच भावातून निघते. भाव पडला की मालक पहिली काटछाट मजुरीत करतो. तेहरान आणि वॉशिंग्टन यांच्या भांडणाची झळ अशा रीतीने भूमिहीनाच्या चुलीपर्यंत येते.

याला आपल्या भाषेत बहिष्कार म्हणतात

इंग्रजी वर्तमानपत्रे याला 'सँक्शन्स' म्हणतात, मराठी वर्तमानपत्रे 'निर्बंध' म्हणतात. आपल्या समाजाने हा प्रकार पिढ्यानपिढ्या भोगला आहे आणि त्याचे खरे नाव आपल्याला ठाऊक आहे. ते नाव बहिष्कार.

गावात बहिष्कार पडतो तेव्हा काय होते? दुकानदार मीठ देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, शेतावर काम मिळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बहिष्कृताला जो कोणी मीठ देईल त्यालाही दंड होतो. गावातला एखादा दुकानदार मनाने भला असतो. त्याचे बहिष्कृताशी काही भांडण नसते. पण गावकीच्या दंडाला भिऊन तोही दार लावून घेतो. अमेरिकेच्या २०११ च्या कायद्यातील तरतूद नेमकी हीच आहे. भांडण अमेरिका आणि इराणचे, पण इराणशी व्यवहार करणाऱ्या भारताच्या, जपानच्या, जर्मनीच्या बँकेला दंड. या गावकीत भारताची जागा त्या भल्या पण भित्र्या दुकानदाराची आहे.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. १९३० च्या त्या अहवालात बहिष्काराचे जे विश्लेषण आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. उघड मारहाणीपेक्षा हे हत्यार भयंकर आहे, कारण ते कायद्याच्या चौकटीत बसते. कोणाशी व्यवहार करावा आणि कोणाशी करू नये हे माझे स्वातंत्र्य आहे असे बहिष्कार टाकणारा म्हणू शकतो, असा त्याचा आशय आहे. अमेरिकेचा युक्तिवाद आज अक्षरशः हाच आहे. आमची बँक, आमचे चलन, कोणाला दारात घ्यायचे ते आम्ही ठरवू!

आपल्या देशात या युक्तिवादाला कायद्याने उत्तर दिले आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली आणि सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला. महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. गावाच्या पाटलाला जे करता येत नाही, ते जगाच्या पाटलाला मात्र बिनदिक्कत करता येते.

न्यायालयात जिंकले, रस्त्यावर हरवले

इराणवर हा पहिला बहिष्कार नव्हे. पहिला पडला १९५१ मध्ये, ब्रिटनकडून. त्यावेळी तेथे मुल्लामौलवींचे राज्य नव्हते आणि अणुभट्टीही नव्हती.

इराणच्या भूमीतील तेल अँग्लो-इराणियन ऑइल कंपनी काढत असे. हीच कंपनी पुढे ब्रिटिश पेट्रोलियम झाली. कंपनीत ब्रिटिश सरकारची मालकी होती. मार्च १९५१ मध्ये इराणच्या संसदेने या तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि एप्रिल महिन्यात मोहम्मद मोसादेक पंतप्रधान झाले. मोसादेक कायद्याचे पंडित होते. स्वित्झर्लंडमधून त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली होती. ब्रिटनने इराणच्या तेलावर बहिष्कार टाकला, ते तेल नेणारे जहाज एडनला अडवले आणि प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. मोसादेक स्वतः हेगला जाऊन उभे राहिले. २२ जुलै १९५२ रोजी न्यायालयाने नऊ विरुद्ध पाच मतांनी निर्णय दिला की, हा खटला चालवण्याचा अधिकारच या न्यायालयाला नाही. विशेष म्हणजे ब्रिटनचे स्वतःचे न्यायाधीश सर अर्नॉल्ड मॅक्नेअर यांनीही ब्रिटनच्या विरुद्ध बाजूने मत दिले.

या खटल्यात आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. भारताचे सर बेनेगल नरसिंग राव त्यावेळी त्या न्यायालयाचे न्यायाधीश झाले होते. हेच राव आपल्या संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार, ज्यांच्या कामाचे श्रेय बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात मोकळ्या मनाने दिले. १९५१ मध्ये सुरक्षा परिषदेत हाच वाद आला तेव्हा राव तेथे भारताचे प्रतिनिधी होते. म्हणून त्यांनी या खटल्यात न्यायाधीश म्हणून बसण्याचे नाकारले. कायद्याची बूज राखणे म्हणजे काय, याचे हे उदाहरण आहे.

ब्रिटनने आणि अमेरिकेने मात्र ती राखली नाही. न्यायालयात हरल्यावर त्यांनी गुप्तहेर संघटनांचा मार्ग धरला. १९ ऑगस्ट १९५३ रोजी मोसादेक यांचे सरकार उलथवण्यात आले. या कारस्थानातील आपला हात अमेरिकेच्या सीआयएने साठ वर्षांनी, २०१३ मध्ये उघड झालेल्या कागदपत्रांत मान्य केला. मोसादेक यांना लष्करी न्यायालयाने तीन वर्षे तुरुंगात टाकले आणि नंतर १९६७ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांना त्यांच्या गावी नजरकैदेत ठेवण्यात आले. १९५४ मध्ये तेलाची नवी वाटणी झाली. त्यात ४० टक्के हिस्सा जुन्या ब्रिटिश कंपनीला आणि ४० टक्के अमेरिकन कंपन्यांना मिळाला. बहिष्कार कशासाठी होता हे या आकड्यांवरून कळते.

संसद, न्यायालय आणि करार या मार्गाने जाणाऱ्या इराणी माणसाचा असा पराभव झाला. त्यानंतर पंचवीस वर्षे शहाच्या गुप्त पोलिसांनी विरोधी पक्ष, कामगार संघटना, वर्तमानपत्रे मोडून काढली. मशीद तेवढी मोडता आली नाही. म्हणून १९७९ मध्ये लोक उठले तेव्हा नेतृत्व मौलवींच्या हाती गेले. ज्यांनी मोसादेक यांना पाडले त्यांनीच खोमेनींचा रस्ता तयार केला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

करार पाळणाऱ्यालाच शिक्षा

१४ जुलै २०१५ चा अणुकरार ही ती गाठ सोडवण्याची संधी होती. इराण एकीकडे आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, चीन ही सहा राष्ट्रे दुसरीकडे. इराणने युरेनियमचे शुद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर व साठा ३०० किलोवर आणण्याचे मान्य केले. २० जुलै २०१५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २२३१ एकमताने मंजूर करून या करारावर शिक्कामोर्तब केले. इराण करार पाळत आहे असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक वारंवार सांगत होते. तरी २०१८ मध्ये अमेरिका बाहेर पडली. त्यानंतर इराणनेही मर्यादा ओलांडावयास सुरुवात केली आणि २०२१ मध्ये शुद्धीकरण ६० टक्क्यांवर नेले. जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने आणि २२ जूनला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स व जर्मनीने संयुक्त राष्ट्रसंघाचे जुने निर्बंध परत आणले. रशिया व चीनने ते वैध मानण्यास नकार दिला.

वकिली व्यवसायातील कोणालाही विचारा. करार एका पक्षाने मोडल्यावर दुसऱ्याने तो पाळत राहावा अशी अपेक्षा कोणते न्यायालय करील?

अन्न आणि औषधे निर्बंधांतून वगळलेली आहेत असे अमेरिका नेहमी सांगते. कागदावर ते खरेही आहे. पण बँकच पैसे घेण्यास तयार नसेल तर वगळण्याचा उपयोग काय? पेंडीचेच पाहा. पेंड विकण्यास बंदी कधीच नव्हती. पैसे येण्याची वाट बंद झाली आणि व्यापार मेला. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने औषधे, अन्न आणि विमानांच्या सुरक्षेचे सुटे भाग यांतील अडथळे दूर करण्याचा आदेश अमेरिकेला दिला. अमेरिकेने आदेश पाळण्याऐवजी, ज्या १९५५ च्या मैत्री कराराच्या आधारे हा खटला उभा होता, तो करारच रद्द केल्याचे त्याच दिवशी जाहीर केले. हक्क कागदावर आणि कुलूप दारावर, हा अनुभव आपल्या लोकांना नवीन नाही.

इराणी राजवटीची वकिली नव्हे

याचा अर्थ इराणचे राज्यकर्ते निर्दोष आहेत असा मुळीच नाही. १९७९ च्या राज्यघटनेने निवडणूक ठेवली, पण तिच्या डोक्यावर धर्मपंडिताची सत्ता बसवली. बारा सदस्यांचे पालक मंडळ कोणी उमेदवार व्हावे आणि कोणता कायदा टिकावा हे ठरवते. बहुपत्नीत्वाला व एकतर्फी तलाकाला आळा घालणारा १९६७ चा कुटुंब संरक्षण कायदा क्रांतीनंतर बाजूला टाकण्यात आला. ज्या समाजाच्या नेत्याने हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावर लाथ मारली, त्या समाजाला धर्माच्या नावाने स्त्रीचा कायदा बुडवणे म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. १६ सप्टेंबर २०२२ रोजी महसा अमिनी ही बावीस वर्षांची कुर्द तरुणी डोक्यावरील वस्त्राच्या कारणावरून पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली आणि हजारो इराणी मुली रस्त्यावर आल्या. त्या मुलींच्या बाजूने उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे.

परंतु बहिष्काराने त्या मुलींचे काय भले केले? चलन कोसळले, औषधे महागली, मध्यमवर्ग मोडला. सत्तेजवळच्या मंडळींनी चोरट्या व्यापारात हात धुऊन घेतले. बाहेरचा शत्रू दाखवून आतला आवाज दाबणे राजवटीला सोपे गेले. इकडे आपल्या देशात याच इराणकडे बोट दाखवून मुसलमानांविरुद्ध विष कालवणारे आहेत. त्यांना इराणी स्त्रीशी काही देणेघेणे नाही.

कोणी विचारील, मग दक्षिण आफ्रिकेवरील बहिष्काराला आपण पाठिंबा का दिला? वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार बंद करणारा भारत १९४६ मध्ये पहिला देश होता आणि त्याचा आपल्याला अभिमानच आहे. फरक असा की, तो बहिष्कार तेथील पीडित जनता स्वतः मागत होती. तिच्या संघटनांनी त्याची किंमत मोजण्याची तयारी दाखवली होती आणि जगातील बहुसंख्य राष्ट्रे त्यामागे उभी होती. महाडला पाणी मागणाऱ्यांचा सत्याग्रह आणि पाणी तोडणाऱ्यांचा बहिष्कार एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

दिल्लीचे धोरण आणि आपला प्रश्न

या प्रश्नावर काँग्रेस आणि भाजप यांच्यात फारसा फरक नाही. जुलै २००५ मध्ये अमेरिकेशी अणुसहकार्याची घोषणा झाली आणि सप्टेंबरमध्ये भारताने अणुऊर्जा संस्थेत इराणच्या विरोधात मत दिले. इराणमधून पाकिस्तानमार्गे गॅसची वाहिनी आणण्यासाठी धडपडणारे पेट्रोलियम मंत्री मणिशंकर अय्यर यांचे खाते जानेवारी २००६ मध्ये काढून मुंबईच्या मुरली देवरा यांच्याकडे देण्यात आले. ती गॅसवाहिनी भारतापर्यंत कधी पोहोचलीच नाही. काँग्रेसने वाहिनी सोडली, भाजपने तेल सोडले. चाबहार बंदराचा दहा वर्षांचा करार भारताने मे २०२४ मध्ये केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने त्यावरील सवलत काढून घेतली आणि नंतर सहा महिन्यांची मुदत दिली. आपण केलेल्या कराराला मुदत दुसऱ्याने द्यावी, याला सार्वभौमत्व म्हणत नाहीत. आणि ज्या अमेरिकेच्या धाकाने आपल्या पेंडीचे गिऱ्हाईक गेले, तीच अमेरिका २०२५ च्या व्यापार बोलण्यांत आपला मका आणि आपले सोयाबीन भारताने घ्यावे असा आग्रह धरत होती.

बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये राजीनाम्याचे निवेदन प्रसिद्ध केले, तेव्हा परराष्ट्र धोरण हेही राजीनाम्याचे एक कारण म्हणून सांगितले. ३५० कोटींच्या महसुलापैकी १८० कोटी लष्करावर जातात, आणि मित्र न उरल्याची ही किंमत आहे, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. परराष्ट्र धोरणाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्यांनी रुपयांत विचारला. आपणही तो तसाच विचारला पाहिजे.

त्यासाठी तीन मागण्या पुढे ठेवाव्या लागतील. पहिली, परदेशी दबावाखाली कोणत्याही देशाशी व्यापार बंद करण्याचा निर्णय संसदेत चर्चेला आलाच पाहिजे. आपल्या व्यवस्थेत करार करणे हा कार्यकारी सत्तेचा अधिकार मानला जातो आणि खासदारांना वर्तमानपत्रातून कळते. हे बदलावे लागेल. दुसरी, अन्न आणि औषधे यांच्या व्यापारासाठी डॉलरवर अवलंबून नसलेली रुपयाची कायमस्वरूपी व्यवस्था असावी. २०१२ मध्ये ती करता आली, म्हणजे ती करता येते. तिसरी, अशा निर्णयाने ज्या पिकाचे गिऱ्हाईक जाईल त्या पिकाची हमीभावाने खरेदी करण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी आणि त्यात गायरानधारक व बटईने कसणारा वगळला जाऊ नये. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचे सोयाबीन खरेदी केंद्रावर नाकारले जाते आणि मग तो ते गावातच पडेल भावाने विकतो.

वाशिमला सरकारने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा हे गोंडस नाव दिले. मागास म्हणायचे नाही म्हणून आकांक्षित. या जिल्ह्याची आकांक्षा एवढीच आहे की, घाम गाळून पिकवलेल्या मालाला गिऱ्हाईक असावे आणि ते कोणाच्या डोळे वटारण्याने पळून जाऊ नये. पुढच्या वेळी खासदार गावात मते मागायला येतील तेव्हा रस्ता, नाली आणि समाजमंदिर यांच्याबरोबर हाही प्रश्न त्यांना विचारा : इराणचे तेल बंद झाले त्या दिवशी तुम्ही संसदेत काय बोललात?

जयभीम!